ॲलिस परत वाचताना: काकवीची विहीर आणि चार पंचे बारा

तुम्ही लिहिलंय की लहानपणी 'ॲलिस इन वंडरलँड'चं संक्षिप्त मराठी पुस्तक वाचलं होतं, कार्टून पाहिलं होतं. आता लेकीसाठी मूळ इंग्रजी आणलं तर पंचवीस पानांत कंटाळा आला, 'यात एवढं काय आहे' असं वाटलं. मेमध्ये तीन दिवस ऑक्सफर्डला जाणार आहात, तेव्हा सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न आहे.

आधी कंटाळ्याबद्दल. तो रास्त आहे, आणि त्यात चूक तुमची नाही. हे पुस्तक 'कल्पनेची भरारी' म्हणून वाचायला घेतलं की हमखास फसतं. लेखक लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, हवेत काही रचत नव्हते. समोर बसलेल्या तीन मुलींना ठाऊक असलेल्या वस्तू, धडे आणि माणसं उलटीपालटी करत होते. त्या वस्तू आपल्याला माहीत नसतात, म्हणून विनोद पोचत नाही. 'झेंडूची फुले' मूळ कविता माहीत नसलेल्याच्या हाती द्या, काय होईल? तसंच. ॲलिस मगरीवर कविता म्हणते, ती आयझॅक वॉट्सच्या कष्टाळू मधमाशीवरच्या कवितेचं विडंबन आहे. ती मधमाशी तेव्हाच्या इंग्रज मुलांना सक्तीने पाठ करावी लागे. म्हातारे फादर विल्यम डोक्यावर उभे राहतात, त्यांच्यामागे रॉबर्ट साउदीची उपदेशपर कविता आहे. मूळ कविता दोन-दोन मिनिटांत वाचून होतात. आधी त्या वाचा, मग विडंबन मोठ्याने वाचा. लेक हसेल.

आता माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. वेड्या चहापार्टीत डॉरमाउस (उंदरासारखा एक झोपाळू प्राणी) गोष्ट सांगतो: तीन बहिणी विहिरीच्या तळाशी राहायच्या आणि ट्रिकल खायच्या. ट्रिकल म्हणजे आपली काकवी. बहिणींची नावं एल्सी, लेसी, टिली. एल्सी म्हणजे एल. सी., लॉरिना शार्लट. लेसी हे ॲलिसच्याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट. टिली म्हणजे धाकटी ईडिथ, घरात तिला मटिल्डा म्हणत. कॉलेजचे डीन हेन्री लिडेल यांच्याच या मुली. ४ जुलै १८६२ रोजी डॉजसन आणि त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ या तिघींना होडीतून फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत घेऊन गेले आणि वाटेत गोष्ट सुरू झाली. ॲलिस तेव्हा दहा वर्षांची होती.

आणि विहीर खरी आहे! बिन्सी गावच्या सेंट मार्गारेट चर्चच्या आवारात. ट्रिकल या शब्दाचा जुना अर्थ औषध, विषावरचा उतारा. त्या विहिरीच्या पाण्याने दृष्टी परत येते अशी सेंट फ्राइडस्वाइडची आख्यायिका आहे. म्हणजे 'औषधाची विहीर' हा अर्थ विसरून 'काकवीची विहीर' धरली की झाला विनोद. पुढे डॉरमाउस म्हणतो, त्या बहिणी 'काढायला' शिकत होत्या. ॲलिस विचारते, काय काढायला? तर काकवी! इंग्रजीत चित्र काढणं आणि विहिरीतून पाणी काढणं याला एकच शब्द, आणि योगायोग बघा, मराठीतही एकच. या पुस्तकातल्या बहुतेक कोट्या भाषांतरात मरतात. ही आपल्याकडे जशीच्या तशी उतरते. लेकीला मराठीत सांगून पाहा.

मी पहिल्यांदा ती विहीर पाहायला गेलो तेव्हा मनात बारव होती. प्रत्यक्षात पायऱ्या उतरून एक लहानसं पाण्याचं भोक. पाच मिनिटं तिथे उभा राहून स्वतःवरच हसलो.

तुम्ही गणिताची पार्श्वभूमी सांगितलीत, म्हणून हे. ॲलिस दुसऱ्याच प्रकरणात म्हणते: चार पंचे बारा, चार सक तेरा, चार साते... अरे देवा! अशाने मी विसापर्यंत कधी पोचायचीच नाही. का नाही? सोपं उत्तर असं की इंग्रज मुलांचा पाढा बाराला थांबायचा, आणि या चालीने चार बारे एकोणीस होतात. (आपल्यासारखं दहाला थांबलं तर बिचारी सतरालाच अडकेल.) दुसरं उत्तर रंगतदार आहे. आपण दहाच्या गटांनी मोजतो तसं अठराच्या गटांनी मोजलं, म्हणजे अठराच्या पायात, तर वीस ही संख्या १२ अशी लिहितात (एक अठरा आणि वर दोन), एकवीसच्या पायात चोवीस १३ अशी, चोवीसच्या पायात अठ्ठावीस १४ अशी. पाया दर वेळी तीनने वाढवत गेलं की बारापर्यंत सगळं जमतं. तेराव्या पायरीला पाया बेचाळीस आणि गुणाकार बावन्न, म्हणजे एक बेचाळीस आणि वर दहा. तिथे २० येतच नाही. डॉजसनांच्या मनात यातलं कुठलं होतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही चालतात.

दुसऱ्या भागात, म्हणजे आरशापलीकडच्या पुस्तकात ('थ्रू द लुकिंग-ग्लास'), जॅबरवॉकी ही निरर्थक कविता आहे. तिथे शब्दकोश उघडू नका. 'झिपकुळे भोंडरे टिवळत होते' असं मी म्हटलं तर भोंडरे एकाहून जास्त आहेत, ते झिपकुळे आहेत आणि त्यांचं टिवळणं चालू आहे, एवढं तुम्हाला कळलंच ना? व्याकरण शाबूत, शब्द पोकळ. कविता नेमकी यावरच उभी आहे.

आवृत्ती कुठली? पहिलं वाचन टिपांशिवाय, पण मूळ चित्रकार जॉन टेनियलची चित्रं हवीतच. पहिल्या पुस्तकात ४२, दुसऱ्यात ५०. छपाई टेनियलना पसंत पडली नाही म्हणून १८६५ची पहिली आवृत्ती मागे घ्यावी लागली होती, इतका हा माणूस चोखंदळ. दुसऱ्या वाचनाला मार्टिन गार्डनर यांची १९६०ची सटीप आवृत्ती घ्या. डॉजसननी स्वतः हाताने लिहून, चित्रं काढून ॲलिसला दिलेलं हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. कॅरलची 'स्नार्क' ही लांबलचक निरर्थक कविता जरूर वाचा. त्यांची 'सिल्व्ही अँड ब्रूनो' ही कादंबरी मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं.

राणी व्हिक्टोरियाने खूश होऊन पुढचं पुस्तक मागवलं आणि तिला गणिताचं पाठवलं गेलं, हा किस्सा कुणी सांगितला तर सोडून द्या. डॉजसननी स्वतः तो छापून खोटा ठरवलाय. डायरीच्या १३ वह्यांपैकी ४ गहाळ आहेत, त्यावर लोकांनी खूप तर्क लढवलेत. सुरुवातीलाच त्यात शिरू नका, तिथून बाहेर यायला वर्षं लागतात.

तीन दिवसांतला एक क्राइस्ट चर्चला द्या. तिकीट आधी काढा, हॅरी पॉटरवाल्यांची रांग असते. जेवणाच्या हॉलमध्ये शेकोटीपाशी लांब मानेच्या पितळी बाया आहेत. मान लांबलेली ॲलिस त्यांच्यावरून सुचली, असं सांगतात. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डोडो, हा नामशेष झालेला पक्षी. डॉजसन अडखळत बोलायचे, म्हणून 'डो-डो-डॉजसन', आणि पुस्तकातला डोडो म्हणजे तेच, हेही सांगतात. हे मला पटतं, कारण त्याच प्रसंगात बदक म्हणजे डकवर्थ आणि लॉरी पोपट म्हणजे लॉरिना. एक सकाळ पोर्ट मेडोवरून चालत बिन्सी, मग गॉडस्टो. चिखल असतो, बूट तसे घाला.

आणि कॉलेजसमोर ८३ सेंट ऑल्डेट्स. आरशापलीकडच्या पुस्तकात एक मेंढी दुकान चालवते, ते दुकान हेच. आज तिथे ॲलिसच्या वस्तू विकतात, किमती बघून घ्या. जाताना टेनियलच्या त्या चित्राचं पान फोनमध्ये ठेवा. दारात उभं राहून जुळवायला गेलात तर दार आणि खिडकी उलट्या बाजूंना दिसतील. मग चित्र आडवं उलटं करा आणि फोन लेकीच्या हातात द्या.