रेशनवर नाचणी का मिळत नाही?

प्रश्न : आमच्या आजोळी, अकोले तालुक्यात, नाचणी आणि वरई पिकते; रेशनवर मात्र गहू-तांदूळच मिळतो. अशा धान्यांना राष्ट्रीय अन्नधोरणात जागा आहे का?

उत्तर : जागा आहे, ती पुरेशी भरलेली नाही, याचे वाईट वाटते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्येही आहेत आणि २०१८ मध्ये केंद्राने ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ‘पौष्टिक धान्ये’ म्हणून मान्यता दिली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटात नाचणीची एक भाकरी पडली तर केवढा फरक पडेल, हे यावरून ध्यानात यावे. खरी अडचण खरेदीची आहे : हमीभाव जाहीर होऊनही जवळ खरेदी केंद्र नसेल, तर शेतकरी हे पीक घरापुरतेच घेतो, आणि पेरा घटला की आजीने गाडग्यात राख मिसळून जपलेले हळवे-गरवे (लवकर आणि उशिरा पिकणारे) वाणही नाहीसे होतात. ओडिशाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत आदिवासी भागांतील नाचणी हमीभावाने विकत घेऊन ती तिथल्याच रेशनवर दिली. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही हे करता येईल. ग्रामसभेने ठराव करून तशी मागणी जरूर नोंदवावी.