‘ब्रँड न्यू’मधला ब्रँड कुठला?

‘ब्रँड न्यू’ म्हणजे नामांकित कंपनीचं नवं, असं सांगणारे फॉरवर्ड पडताळणीसाठी सतत येतात. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं एकत्र देत आहे.

कंपनीचं लेबलही न काढलेली वस्तू, म्हणून ब्रँड न्यू. शाळेच्या पुस्तिकेत छापायचंय. बरोबर ना?

नाही. आधी कालक्रम पाहा. जुन्या इंग्रजीत ‘ब्रँड’ म्हणजे आग, जळतं लाकूड, कोलीत. ‘ब्रँड न्यू’ 16 व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतो. ‘ब्रँड’ला व्यापारी नाममुद्रेचा अर्थ आला 19 व्या शतकात. आधीचा शब्द नंतरच्या अर्थातून कसा निघेल? ‘ब्रँड न्यू’ म्हणजे भट्टीतून नुकतं निघालेलं. शेक्सपिअरच्या 1597 साली छापलेल्या ‘तिसरा रिचर्ड’मध्ये ताज्या सरदारकीला ‘फायर-न्यू’ म्हटलंय, ते टांकसाळीतल्या कोऱ्या नाण्यावरून. तापल्या लोखंडाने गुरांना डाग देत, पिंपांवर खुणा उमटवत. व्यापारी अर्थ त्या वाटेने आला. मूळ दोघांचं आगच, वाटा वेगळ्या. तरी मार्केटिंगच्या वर्गांत पैसे घेऊन ही लेबलची कथा शिकवतात, याची चीड येते. शाळेच्या पुस्तिकेत छापण्याआधी शब्दांचा इतिहास देणारा कोश उघडा आणि भाषेच्या अभ्यासकाला दाखवा. छापून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

पूर्वी नवा माल कोंड्यात (इंग्रजीत ‘ब्रॅन’) भरून येई, म्हणून ‘ब्रॅन-न्यू’, असं वाचलं.

ऐकीव गोष्ट. दोन ‘न’मध्ये सापडलेला ‘ड’ बोलताना गळतो, एवढंच. डिकन्सने 1864-65 च्या कादंबरीत ‘ब्रॅन-न्यू’ असंच लिहिलंय.

इंग्रजीत हायफन द्यायचा का?

द्या. प्रकाशनाची शैली वेगळी असेल तर संपादकांना विचारा.

‘स्पिक अँड स्पॅन’ याच्या नात्यातला का?

रचनेने, हो. जुन्या नॉर्समधल्या (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) शब्दाचा अर्थ ‘लाकडाच्या ताज्या ढलपीसारखं नवं’. त्यावरून इंग्रजीत 1300 च्या सुमारास ‘स्पॅन-न्यू’ आला. पुढे ‘स्पिक’ जोडला गेला, ‘न्यू’ गळला आणि अर्थ ‘स्वच्छ, टापटीप’ झाला. नाम अधिक विशेषण, उपमा आत दडलेली, ‘स्नो-व्हाइट’ही तसाच.

दुकानदाराने आधी कुणी वापरलेला फोन ‘ब्रँड न्यू’ म्हणून विकला. शब्दाच्या अर्थाचा दाखला द्याल?

व्युत्पत्ती तिथे कामाची नाही. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक जपा. वॉरंटी कधी सुरू झाली, ते कंपनीकडून लेखी मागवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोला, वकिलालाही विचारा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं असली तरी आजच सुरुवात करा.