ताटाबाहेरचे जेवण

‘चार वर्षांची मुलगी मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, ऊन वाढल्यापासून तर घास गालातच धरून बसते, तिच्या पोटात काही जावे तरी कसे?’ हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो. पण होळी झाली, शाळा सकाळच्या झाल्या आणि दुपारी पंखा पाचावर गेला की तो विचारणाऱ्यांची संख्या दुपटीने वाढते. त्याला उत्तर म्हणून एका कुटुंबाची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, मुलीचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

स्वराला घेऊन ही मंडळी आली ती रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. नाशकात रंगपंचमीचा रंग दोन-तीन दिवस तरी अंगावरून उतरत नाही. तिच्या कानामागे गुलाबी ओघळ तसाच होता. आई पतसंस्थेत नोकरीला, वडील अंबडच्या एका कारखान्यात, आणि दिवसभर मूल आजीकडे. आत बोलावण्यापूर्वीच मला बाहेरच्या बाकावरचे दृश्य दिसले. आजींनी पिशवीतून वरण-भाताचा डबा काढला, मोबाईल पर्सला टेकवून उभा केला आणि भरवायला सुरुवात केली. मुलीची नजर पडद्यावरून हलत नव्हती; चमचा ओठांना लागला की तोंड आपोआप उघडत होते. काही घासांनंतर ते उघडेना. आजींनी दोन बोटांनी हनुवटी हलकेच दाबली, घास आत गेला आणि डाव्या गालात तसाच राहिला. ती पंधरा मिनिटे आत बसली होती, तेवढा वेळ तो गाल फुगलेलाच होता.

‘‘मॅडम, ही काहीच खात नाही हो,’’ आई म्हणाल्या. हे ‘काहीच’ ऐकले की मी आधी वजन बघते. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड होते, ही फार चांगली गोष्ट झाली. पुष्कळ घरांतून ते लसीकरण संपले की कपाटाच्या तळाशी जाते. जन्माचे वजन 2.7 किलो, पहिल्या वाढदिवसाला 8 किलो, तिसऱ्याला 12.3 आणि आता, चार वर्षे एक महिन्याची असताना, 14.1 किलो. उंची 99 सेंटिमीटर. कार्डावरची वक्ररेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 सालच्या मानकांवर काढलेली असते, आणि ती मानके ज्या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांतून ठरली त्यांत भारतही होता, त्यामुळे ‘ते परदेशी मुलांचे आकडे’ ही शंका इथे लागू पडत नाही. स्वराचे ठिपके मधल्या रेषेच्या खाली, पण हिरव्या पट्ट्यात होते, आणि मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते असे की जन्मापासून ते जवळजवळ एकाच रेषेला धरून चालले होते. मूल लहान चणीचे होते, खंगलेले नव्हते.

मी त्यांना एक साधा हिशेब करून दाखवला. पहिल्या वर्षी हिचे वजन पाच किलोंहून अधिक वाढले. तीच गती राहिली असती तर आज ही 24 किलोंची असती आणि तुम्ही वेगळ्याच काळजीने माझ्याकडे आला असता. दोन ते पाच या वयात मूल वर्षाला साधारण दोन किलो वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि नेमके त्याच वयात मुलाला ‘नाही’ म्हणता येऊ लागते व नवा पदार्थ संशयास्पद वाटू लागतो. त्यात फाल्गुनातले ऊन. भर दुपारी मोठ्यांनाही जेवण नकोसे होते, आपण ताकावर भागवतो. मुलाकडून मात्र ताट संपवण्याची अपेक्षा तशीच राहते.

वडील गप्प होते. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘म्हणजे सोडून द्यायचं?’’

सोडून द्यायचे नव्हते. पापण्यांच्या आतली कड फिकी वाटली म्हणून मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हिमोग्लोबिन 10.4 निघाले, या वयात ते 11च्या खाली असले तर रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत पाच वर्षांखालच्या तपासलेल्या मुलांपैकी 67 टक्के मुलांत तो आढळला होता, तेव्हा यात या घराचे काही विशेष चुकले होते असे नाही. डॉक्टरांनी लोहाचे औषध सुरू केले. रक्तक्षयाने भूक मंदावू शकते, म्हणून पुढे जो बदल दिसला त्याचे सारे श्रेय समुपदेशनाला देणे मला प्रामाणिक वाटत नाही.

माझ्याकडून मी एकच गृहपाठ दिला. सात दिवस स्वराच्या तोंडात पाण्याखेरीज जे जाईल ते वहीत लिहायचे. कुणी दिले, किती वाजता, किती. ‘जेवण’ असो की ‘असंच’, सगळे लिहायचे.

वही आली ती आजींच्या अक्षरात, आणि पहिल्या तीन दिवसांत तिच्यात फक्त ताटातले होते: वरण-भात पाच घास, पोळी पाव, भाजी नाही. चौथ्या दिवशी समासात बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘गच्चीवर चीक खाल्ला’. मी विचारले, किती? आजी म्हणाल्या, ‘‘अहो, तो काय जेवणात धरायचा का? कुरडया घालत होतो, तर बसली पातेल्यापाशी. दोन वाट्या खाल्लान् तूप घालून.’’ ज्यांच्या घरी आता वाळवणे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, निवळलेले सत्त्व मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात शिजवले की गरम, चकचकीत चीक होतो आणि मग तो सोऱ्यातून कापडावर पडतो. चार वर्षांच्या मुलीने असा दोन वाट्या चीक स्वतःच्या हाताने खाल्ला होता, मोबाईलशिवाय, कुणी हनुवटी न दाबता, आणि घरच्या हिशेबात त्या दिवशीही ती ‘काहीच जेवली नाही’.

मग आम्ही चौघांनी मिळून वही पुन्हा भरली. उडदाच्या पापडाच्या चार लाट्या. शेजारच्या काकूंकडचे घडभर द्राक्ष. नाशिकमध्ये या दिवसांत ते कुणाकडे नसते? (इथे मी थांबून सांगितले की पाच वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष उभे चिरूनच द्यावे, सबंध मणी घशात अडकू शकतो.) वडिलांच्या चहासोबत बिस्किटे. आणि दूध: सकाळी सातला, झोपून उठल्यावर साडेपाचला, रात्री दहाला, प्रत्येक वेळी चॉकलेटची पूड घालून मोठा पेला, म्हणजे रोजचे पाऊण लिटर. ‘‘जेवत नाही म्हणून निदान दूध तरी,’’ असे आई म्हणाल्या. दूध वाईट नाही, पण अर्धा लिटरच्या पुढे गेले की ते पोटातली जागा अडवते, त्यात लोह फारसे नसते आणि इतर अन्नातले लोह अंगी लागण्यातही ते अडथळा आणते. हिमोग्लोबिनच्या आकड्याचा एक धागा बहुधा तिथेही होता.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि कुटुंबोपचारक बाईंनी 1980च्या दशकात मांडलेली कामाची वाटणी मी अनेक वर्षे सांगत आले आहे: काय वाढायचे, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला हे सोपे आहे. आपल्या घरांत मात्र दुसऱ्याच्या ताटात आग्रहाने वाढणे म्हणजे माया, आणि ‘पुरे’ हा शब्द निदान दोनदा ऐकल्याशिवाय खरा मानायचा नसतो, त्यामुळे ही वाटणी पाळणे आजीला मुळात उपेक्षा वाटते.

ठरवले ते असे. दूध दोनदाच, लहान पेला, पुडीविना, आणि जेवणाआधीच्या दोन तासांत नाही. खाण्याच्या पाच वेळा. मध्ये फक्त पाणी. दुपारचे जेवण दोनऐवजी साडेअकराला, ऊन तापण्यापूर्वी, आणि रात्रीचे सव्वासातला, जमेल तेव्हा गच्चीवर. ताटात दोन चमचे भात, पोळीचा चतकोर, एक तरी हमखास आवडता पदार्थ. पंचवीस-तीस मिनिटांनी ताट उचलायचे, बोलायचे काही नाही, आणि चेहऱ्यानेही बोलायचे नाही. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड जातो. जेवताना मोबाईल नाही, वडिलांच्या बातम्याही नाहीत. पडदा पूर्ण बंद करा असे मी म्हटले नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची जी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितली, तेवढा वेळ संध्याकाळी, जेवणापासून दूर ठेवला.

‘‘आम्ही पण काऊचा घास, चिऊचा घास करूनच पोरं वाढवली,’’ आजी म्हणाल्या, ‘‘तेव्हा कावळा दाखवायचो, आता मोबाईल. फरक काय?’’ प्रश्न रास्त होता, आणि मी स्वतः माझ्या मुलाला सज्जात उभे राहून कावळे दाखवत भरवले आहे. फरक मला एवढाच दिसतो की कावळा उडून जातो. मग मूल तुमच्याकडे बघते, तुम्ही त्याच्याकडे, आणि घास नको असेल तर ते तोंड फिरवते व तुम्हाला कळते. पडदा उडून जात नाही. मूल त्यात इतके गुंतते की पोट भरल्याची खूण त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, आणि कंटाळले की ते घास गिळायचाही विसरते; स्वराच्या गालातला तो घास त्यातलाच होता.

पहिला आठवडा वाईट गेला. पहिल्या दिवशी दुपारी ती काही जेवली नाही, दुसऱ्या दिवशी मोबाईलसाठी तासभर रडली, आणि चौथ्या दिवशी आई दुपारी अचानक घरी आल्या तेव्हा आतल्या खोलीत दार लोटून, आवाज बंद केलेला मोबाईल समोर ठेवून, आजी तिला दूध-पोळी भरवताना सापडल्या. घरात मोठे भांडण झाले. आईंनी मला फोनवर म्हटले, ‘‘सासूबाईंना समजावणं माझ्याच्याने होणार नाही.’’

मी आजींना एकट्यांना बोलावले, सून-मुलगा बरोबर नको असे सांगून. त्या बराच वेळ पदराशी चाळा करीत बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘माझ्या हातात दिलीय ना त्यांनी दिवसभर. उद्या पोर बारीक झाली तर कोणाला म्हणतील? कुठेही जा, पहिलं वाक्य तेच, किती वाळली हो नात.’’ त्यांच्या मुलाच्या, म्हणजे स्वराच्या वडिलांच्या लहानपणीही, तो काटकुळा म्हणून त्यांच्या सासूने त्यांना चारचौघांत सुनावले होते. या घरातला प्रत्येक घास म्हणजे आजींची परीक्षा होती, आणि गुणपत्रिका वाचायला सारे नातेवाईक बसले होते. मी त्यांना पथ्याचे काही सांगितले नाही. कार्ड पुढे केले, ठिपके दाखवले, आणि एवढेच म्हटले, ‘‘आजी, ही रेषा तुमच्या हातची आहे. कुणी विचारलं तर ही दाखवा.’’ आणि स्वराला जेवणाऐवजी कामाला जवळ घ्या: कोथिंबीर निवडणे, पोळीची कणीक थापणे, वाळवण राखणे. या कामाला आजींसारखे दुसरे कुणी नव्हते.

तीन आठवड्यांनी जेवणाचा वेळ सव्वा तासावरून अर्ध्या तासावर आला. पाडव्याला कडुनिंबाचा गोळा तिने थुंकून टाकला, गळ्यातली साखरगाठी मात्र दोन दिवसांत संपवली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कुणी तरी नेहमीचे वाक्य टाकले तेव्हा आजींनी म्हणे ठणकावले, ‘‘वजन बरोबर आहे तिचं, कार्डावर आहे,’’ आणि ते म्हणता म्हणता तिच्या हातावर आंब्याच्या डाळीचा मुटका ठेवलाच. आई हे सांगताना हसत होत्या. मला त्यात काही सुधारावेसे वाटले नाही.

घरोघरी हेच लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. वजनाची रेषा खाली उतरत असेल किंवा सहा महिने सपाट राहिली असेल, मूल घासागणिक ठसकत किंवा उलटी करीत असेल, गिळताना दुखते म्हणत असेल, वारंवार ताप वा जुलाब असतील, माती किंवा खडू खात असेल, किंवा मोजून चार-पाच पदार्थांखेरीज कशालाच तोंड लावत नसेल, तर आधी डॉक्टर. वाट पाहू नये.

शेवटची भेट आषाढात झाली. वजन 14.8 होते, म्हणजे जुन्याच रेषेवर, आणि आई थोड्या खट्टू झाल्या, कारण एवढे सगळे केल्यावर मुलगी गुटगुटीत होईल अशी त्यांची आशा होती. ती आधीपेक्षा फार जास्त जेवत नव्हती. आपल्या हाताने जेवत होती. पालेभाजी अजूनही ताटाच्या कडेला काढून ठेवते. शाळेच्या डब्यातली भेंडी मात्र परत येत नाही, असे आई म्हणाल्या. ती स्वतः खाते की शेजारच्या मैत्रिणीला देते हे विचारायचे नाही, असे त्यांचे आणि आजींचे ठरले आहे.