चौकात उभी राहून बोल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली क्लिप तीनदा ऐकली. आवाज स्वच्छ आहे, पण कुणा लंडनवाल्याकडून उसना आणल्यासारखा. परदेशी चॅनेलवर जायचं तर बोलण्यातलं घरचं वळण जायलाच हवं, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं?

बीबीसीवर बातम्या सांगणाऱ्या कोमला डुमोरच्या जुन्या मुलाखती शोधून ऐक. घानाचा हा माणूस 1972 साली आक्रात जन्मला. डॉक्टर व्हायला निघाला होता, ते राहून गेलं आणि आक्राच्या जॉय एफएमवर तो मोटरसायकलवरून ट्रॅफिकची खबर द्यायला लागला. हार्वर्डची पदवी वगैरे नंतरची. मला विचारशील तर त्याची खरी शाळा ही मोटरसायकलच. तिथे हातात स्क्रिप्ट नसते. ट्रक कुठे आडवा झालाय, कुठून वळायचं, ते बघायचं आणि दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हायचं. ऐकणारा गाडीत घामाघूम बसलेला. तुझे उच्चार किती गोरे आहेत याच्याशी त्याला काय देणंघेणं?

पुढे त्याच स्टेशनवर सकाळचा शो, 2003 मध्ये घानातला वर्षाचा सर्वोत्कृष्ट पत्रकार, मग बीबीसी. आधी आफ्रिकेसाठीचा रेडिओ, 2009 पासून टीव्ही, 2012 मध्ये टीव्हीवरचं 'फोकस ऑन आफ्रिका'. जगभर दिसायला लागला तरी बोलण्यातलं आक्रा त्याने पुसलं नाही. आफ्रिका म्हणजे फक्त युद्ध आणि भूक, हे त्याला मान्य नव्हतं. म्हणून त्याने तिथल्या पुढाऱ्यांना गोंजारलं असं मात्र नाही. हसत हसत असा प्रश्न टाकायचा की समोरचा खुर्चीत सावरून बसे. तू मुलाखतीत पाहुण्याला मान डोलावत राहतेस, ते आधी थांबव.

आणि झोपत जा. डिसेंबर 2013 मध्ये मंडेलांच्या निरोपाचं वार्तांकन त्याने केलं. 18 जानेवारी 2014 ला लंडनमध्ये हृदयविकाराने गेला. वय 41. कामाने गेला असं मी म्हणत नाही, पण तुझा मेल पहाटे 3 वाजता आला होता, म्हणून लिहितोय.

आता क्लिप नव्याने कर. घराजवळच्या चौकात उभी राहा, कागद घेऊ नकोस, समोर जे दिसेल ते दोन मिनिटं मोबाइलवर सांग. सुरुवातीला स्वतःचं नाव आई हाक मारते तसं घे. रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका