गुरुवारच्या पहिल्या सेशनआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गुरुवारी संध्याकाळी सहाची थेरपिस्टची वेळ घेतलीस, फार बरं केलंस. तिथे गेल्यावर नेमकं काय होतं, किती बोलावं लागतं, घरी कळेल का, हे तू विचारलंस. सविस्तरच लिहिते.

आधी समोरची व्यक्ती कोण आहे ते पाहा. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक परिषदेच्या वेबसाइटवर पडताळता येतो. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी झालेले असतात. त्यांच्यात उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत, पण चार दिवसांचं शिबिर करून ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणारेही आहेत. म्हणून फोनवरच विचार: तुमचं शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, आणि स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही कुणा ज्येष्ठांचं मार्गदर्शन घेता का? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगला थेरपिस्ट सरळ उत्तर देतो. जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नकोस.

सहाची वेळ म्हणजे सहा ते सहा पन्नास. उशिरा पोचलीस तर वेळ वाढवून मिळत नाही आणि फी पूर्ण द्यावी लागते, म्हणून एक लोकल आधीची पकड. बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवल्याशिवाय सेशन रद्द केलं तरी पैसे द्यावे लागतात. मुंबई-ठाणे-पुण्यात खासगी सेशनला साधारण १,००० ते २,५०० रुपये पडतात. दीड हजार धरले आणि आठवड्याला एक सेशन, तर महिन्याला सहा हजार. हा हिशेब पहिल्याच दिवशी मोकळेपणाने मांड. पुष्कळ थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पैसे पुरेनात म्हणून तिसऱ्या सेशननंतर गुपचूप बंद करण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा जाणं बरं. तेही झेपत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची किंवा मुंबईतल्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांची मनोविकार ओपीडी आहे. आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’वर फोनवर मोफत समुपदेशन मिळतं. आरोग्यविम्यातून मात्र सेशनची फी सहसा मिळत नाही.

पहिलं सेशन बरंचसं विचारपूस करण्यात जातं. आधी फॉर्म आणि संमतीपत्र येईल. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नकोस. गोपनीयता कुठवर आहे ते त्यात लिहिलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तू सज्ञान आहेस, त्यामुळे आईने थेरपिस्टना फोन केला तरी तू तिथे येतेस की नाही एवढंसुद्धा त्यांनी तुझ्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं. अपवाद मोजके आहेत: तुझ्या जिवाला धोका दिसला, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, न्यायालयाचा आदेश आला, किंवा एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं. शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे सगळं त्यांच्या तोंडून ऐक, आणि कळलं नाही तर पुन्हा विचार.

मग प्रश्न. झोप, भूक, पाळी, नोकरी, घरात कोण कोण, पूर्वी कुणाला मानसिक त्रास होता का, दारू-सिगरेट, चालू औषधं. आणि ‘जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का’ हेही थेट विचारतील. तो प्रश्न बहुतेक सगळ्यांनाच विचारतात. ऐकून दचकू नकोस आणि उत्तर सौम्य करू नकोस. असा विचार येतो असं सांगितलं की लगेच दवाखान्यात टाकतात ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात आधी विचारतात तो किती वेळा येतो, काही ठरवलं आहे का, आणि त्या वेळी जवळ कोण असतं. त्यावरून पुढचं ठरतं.

एखादी प्रश्नावली हातात येईल. नैराश्यासाठी बहुधा पीएचक्यू-९ असते: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की थेरपिस्ट जास्त खोलात विचारतात. त्या आकड्यावरून निदान होत नाही. महिन्याभराने तीच पुन्हा भरली की फरक दिसतो, तिचा खरा उपयोग तो. परीक्षेसारखी आधी पाहून जाऊ नकोस.

तयारी एवढीच कर: अर्ध्या पानावर लिहून ने. कधीपासून, काय होतं, आणि त्यामुळे काय करायचं थांबलं. ‘मला डिप्रेशन आहे’ किंवा ‘स्ट्रेस फार आहे’ यातून समोरच्याला थोडंच कळतं. ‘मार्चपासून रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो, आणि सोमवारी फलाटावर उभी राहून दोन-दोन लोकल सोडून देते’, असं सांगितलंस की काम तिथूनच सुरू होतं. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट असतील तर ने. थायरॉईड कमी असलं तरी असाच थकवा, अशीच उदासी येते, आणि ते तपासायचं राहिलं की सेशनमागून सेशन वाया जातात.

आणि शक्य असेल तर मराठीत बोल. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी माणसं सेशनमध्येही इंग्रजीत शिरतात, आणि सगळं ‘अँक्शस’ आणि ‘लो’ या दोन शब्दांत बसवतात. धसका वेगळा, हुरहुर वेगळी, कोंडमारा वेगळा, उबग वेगळा. ‘जीव घाबरा होतो’ म्हणताना हात आपोआप छातीकडे जातो, आणि थेरपिस्टना तेही दिसतं. ज्या भाषेत तुला लहानपणी रागावलं गेलं, त्याच भाषेत ती वाक्यं अजून डोक्यात वाजत असतात. भाषांतर केलं की त्यांची धार जाते.

पहिल्या दिवशी सगळं सांगायची सक्ती नाही. ‘याबद्दल आज नको’ हे पूर्ण उत्तर आहे. रडू आलं तर येऊ दे, त्या खोलीत रुमालाचा डबा त्यासाठीच असतो. घरी परतताना हलकं वाटेलच असं नाही. बऱ्याच जणांना त्या रात्री जड वाटतं, थकवा येतो, दाबून ठेवलेलं वर आलेलं असतं. म्हणून गुरुवारी सातला कुणाला भेटायचं ठरवू नकोस, आणि त्या रात्री राजीनामा, ब्रेकअप असा कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस.

दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपासून खरं काम सुरू होतं, आणि पहिला अपेक्षाभंगही तिथेच होतो. वडीलधाऱ्यांकडून सल्ला घ्यायची आपल्याला सवय. ‘मग मी काय करू ते सांगा’ असं तू म्हणशील, आणि तुझ्या थेरपिस्ट उलट विचारतील, ‘तुला काय वाटतं?’ ही टाळाटाळ नव्हे. नोकरी सोडायची की नाही हे त्यांनी सांगितलं, तर पुढच्या पेचात तू पुन्हा त्यांच्याच दारात. पण पाच सेशन झाली, त्या फक्त मान हलवतात, आणि आपण कशावर काम करतो आहोत हेच कळत नाही, असं झालं तर तुझी तक्रार रास्त आहे.

काम कसं दिसतं ते सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत (इंग्रजीत आरईबीटी) मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत चांगली रुजली आहे. त्यात वहीवर तीन रकाने आखतात. पहिल्यात घटना: साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही. तिसऱ्यात परिणाम: रात्रभर झोप नाही, सकाळी छातीत धडधड. अनेकांचा मधला, म्हणजे त्या घटनेबद्दल मनात आलेल्या विचाराचा रकाना कोराच राहतो, आणि काम असतं ते तिथेच. हळूहळू त्यात वाक्य उमटतं: ‘माझं काम सगळ्यांना आवडलंच पाहिजे, नाहीतर मी निकामी.’ त्या ‘आवडलंच’मधल्या ‘च’वर बोट ठेवायचं. आवडावं ही इच्छा झाली, आवडलंच पाहिजे हा हट्ट झाला, आणि रात्रभर जागवतो तो हट्ट. हे एका बैठकीत पटतं, पण अंगवळणी पडत नाही. म्हणून घरचा अभ्यास देतात. अशा पद्धतीला साधारण बारा ते वीस सेशन धर. जुनी, खोल दुखणी असतील तर जास्त. अभ्यास झाला नाही तर सेशन चुकवू नकोस, ‘झाला नाही’ असं जाऊन सांग. का झाला नाही, यावरच ते अख्खं सेशन होऊ शकतं.

थेरपी बहुतेक वेळा कुठे मोडते, तर न बोललेल्या गोष्टींवर. थेरपिस्टचं एखादं वाक्य लागलं, आणि माणूस हसून निघाला तो परत आलाच नाही. किंवा खरं दुखणं शेवटच्या चार मिनिटांत, चप्पल घालता घालता सांगितलं. किंवा थेरपिस्टना वाईट वाटू नये म्हणून ‘आता बरंच बरं आहे’ म्हटलं. दारूबद्दल, बंद केलेल्या गोळ्यांबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल खोटं सांगितलं, तर सगळे उपाय चुकीच्या दुखण्यावर चालतात. तेव्हा हे एक वाक्य पाठ कर: ‘मागच्या वेळी तुम्ही असं म्हणालात ते मला लागलं.’ ते ऐकून त्यांनी कसं घेतलं, यावरून त्या तुझ्यासाठी योग्य आहेत का हे तुला कळेल. तीन-चार सेशन देऊनही सूर जुळला नाही तर तसं सांगून दुसऱ्या कुणाचं नाव मागता येतं. त्यात कृतघ्नपणा काही नाही.

काही गोष्टींवर मात्र तिथल्या तिथे उठून ये: दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी ओळख पटेल अशा सांगणं, अंगलगट करणं, सेशनबाहेर भेटायला बोलावणं, पत्रिका मागणं, ‘लग्न कर म्हणजे सुटेल’ म्हणणं, डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करायला सांगणं, तीन सेशनमध्ये बरं करण्याची हमी देणं. याउलट त्यांनी ‘एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेट’ म्हटलं तर तो हात झटकणं समजू नकोस. झोप पूर्ण उडाली असेल तर नुसत्या बोलण्याने भागत नाही. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर सेशनं चालूच ठेवायची.

ऑनलाइन सेशन घ्यायची वेळ आली तर वन बीएचकेत दाराआड बोलता येत नाही, हे आधीच त्यांना सांग. इअरफोन लाव, दाराबाहेर पंखा किंवा टीव्ही चालू ठेव, नाहीतर गच्चीवर जा. कुणी आत आलं तर विषय बदलायला एक खुणेचा शब्द ठरवून ठेव.

दोन सेशनच्या मध्ये थेरपिस्ट रात्री-अपरात्री फोन घेतील असं धरू नकोस, खासगी थेरपिस्ट बहुधा ती सेवा देत नाहीत. एखादी रात्र फारच जड गेली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आजच मोबाइलमध्ये सेव्ह कर.

फॉर्मवर तातडीच्या संपर्काचा एक रकाना असेल. आईचं नाव लिहायलाच हवं असं नाही, रूममेट किंवा एखादी मैत्रीण चालेल. फक्त जिचं नाव लिहिशील तिला आधी विचार, आणि कोणत्या परिस्थितीत तिला फोन करायचा हे थेरपिस्टना त्याच फॉर्मवर लिहून दे.