संग्रहालयाच्या संकेतस्थळाचे दृश्यरूप कसे तपासावे?

संग्रहालयाच्या नव्या संकेतस्थळाचे दोन आराखडे तयार आहेत आणि त्यांपैकी कोणता लोकांना अधिक आवडतो हे कसे तपासावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ‘कोणता आवडला?’ हा प्रश्न कोणालाही विचारूच नये.

मी एका संग्रहालयासाठी हे काम केले आहे. तेथे विश्वस्तांच्या बैठकीत दोन मुखपृष्ठे दाखवून हात वर करायला सांगितले गेले आणि गडद तपकिरी रंगावर बारीक सोनेरी अक्षरे असलेले पान बहुमताने निवडले गेले. एका विश्वस्तांनी आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा दाखला दिला : त्यांच्या २०१२ साली सुरू झालेल्या राइक्सस्टुडिओ या ऑनलाइन चित्रसंग्रहात चित्रेच मोठी आहेत, मग आपणही तसेच करू. तेथे सुमारे सव्वा लाख उत्तम प्रतिमा खुल्या केल्या होत्या आणि आमच्याकडे काचेवर फ्लॅश चमकलेले फोटो होते, हे मी सांगताच मला कलादृष्टी नसल्याचे ऐकावे लागले.

मग मी तिकीट खिडकीपाशी बसून येणाऱ्यांच्या हाती मोबाइल देऊ लागलो. पान पाच सेकंद दाखवून काय लक्षात राहिले ते विचारायचे आणि नंतर ‘सोमवारी संग्रहालय उघडे असते का, ते शोधा’ असे सांगून पहिले बोट कुठे पडते ते पाहायचे, एवढीच ती चाचणी होती. पानाला ‘भारदस्त’ म्हणणाऱ्यांचेही बोट वरच्या सरकत्या चित्रावरच पडत होते, कारण वेळापत्रक तळाशी, त्याच सोनेरी अक्षरांत होते. एका आजोबांनी तर चष्मा वर-खाली करून फोन नातवाकडे सोपवला. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ असावा, असे डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतील एए या मधल्या पातळीचा निकष सांगतो. आमचा त्याच्या जवळपासही नव्हता. शिवाय आराखडा इंग्रजी नमुना मजकूर भरून संमत झालेला असल्याने खरा मराठी मजकूर घालताच वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडले. आपण चाचणी खऱ्या मराठी मजकुरावरच घ्यावी, आणि दोन्ही आराखड्यांत मजकूर व फोटो तेच ठेवावेत. अन्यथा लोक फोटोला पसंती देतील आणि आपण ती आराखड्याला मिळाली असे समजाल.

पसंतीच जाणून घ्यायची असेल, तर मायक्रोसॉफ्टमध्ये २००२ च्या सुमारास तयार झालेली ११८ विशेषणांच्या कार्डांची पद्धत बरी आहे : लोकांना पानाचे वर्णन करणारी पाच कार्डे निवडू द्यावीत आणि त्यांची कारणे विचारावीत.

अर्थात, अशा चाचणीला पाचच माणसे पुरेत असे जे सांगितले जाते, ते अडचणी शोधण्यापुरते खरे आहे. पसंतीची तुलना करायला माणसे बरीच जास्त लागतात, आणि तिकीट खिडकीवर भेटणारे लोक आधीच पोहोचलेले असतात, म्हणून घरी बसलेल्यांनाही विचारावे. आमच्याकडे शेवटी वेळापत्रक वर आले. तपकिरी रंग मात्र मंडळाने तसाच ठेवला, आणि तो सर्वांना आवडतो असे तेथे अजूनही सांगितले जाते.