लष्करी तळावरच्या स्वयंपाकघरात मुलाला पाठवावं का?

संगमेश्वर तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा २३ वर्षांचा, हॉटेल मॅनेजमेंट झालेला. कुवेतमधल्या कॅम्प अरिफजान या अमेरिकी तळावरच्या भोजनगृहात त्याला दोन वर्षांच्या कराराचं काम मिळतंय. एजंट दीड लाख मागतो आहे. घरी आजी आजारी असतात. ‘मुलगा हळवा आहे, वसतिगृहात पहिला महिना रडून काढला होता. तिथे टिकेल का?’ असं त्या विचारतात.

ताई,

मला त्याच्या हळवेपणापेक्षा त्या दीड लाखाची काळजी वाटते, आणि तीही मनाच्याच कारणाने. घरची आठवण बहुतेक मुलं सोसतात. ‘नाहीच जमलं तर परत येईन’ एवढा आधार असतो म्हणून सोसतात. डोक्यावर व्याजाचं कर्ज असलं की तो आधार जातो. मग झोप उडाली, सुपरवायझरने छळलं, तरी मुलगा घरी अवाक्षर काढत नाही. अमेरिकी सरकारी कंत्राटांच्या नियमांनुसार भरतीसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत आणि त्याचा पासपोर्टही काढून ठेवता येत नाही. उपकंत्राटदार आणि एजंट यांनाही हे लागू आहे. तेव्हा एजंटाला लेखी विचारा: मुख्य कंत्राटदार कोण, पैसे कशाचे, परतीचं तिकीट कोण देणार? परदेशी नोकरीसाठीच्या भरतीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाची नोंदणी पाहा. उत्तराची टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

काम स्वतः कसं असतं? १२ तासांची पाळी आणि आठवड्याचे सहा दिवस हे सर्रास. खोलीत दोघं-चौघं, एकांत जवळजवळ नाही. स्वयंपाकघरात बीफ असतं, पोर्कही असू शकतं. धर्म कुठलाही असो, ज्याला यातल्या एखाद्या मांसाला हात लावायला मन घेत नाही, त्याची रोज घालमेल होते, आणि तिथे पोचल्यावर सांगितलं तर ‘नखरे’ ठरतात. हे मुलाखतीतच विचारायचं: कुठल्या काउंटरवर ठेवणार, बदलून मिळेल का? मुलाने आधी स्वतःशी स्पष्ट व्हावं.

तळावर माणसांच्या पायऱ्या असतात. सैनिक, अमेरिकी कंत्राटी कर्मचारी, आणि मग ‘टीसीएन’, म्हणजे ना अमेरिकेचे ना कुवेतचे, तिसऱ्याच देशाचे कामगार. एकाच छताखाली काम, पण पगार आणि राहणं वेगळं. हे रोज डोळ्यांसमोर असतं आणि चांगल्या स्वभावाच्या मुलांनाही आतून पोखरतं. शिवाय सैनिकांच्या तुकड्या साधारण नऊ महिन्यांनी बदलतात. नावाने हाक मारणारे, मायेने बोलणारे चेहरे एका आठवड्यात नाहीसे होतात आणि तुमचा मुलगा तिथेच असतो. हळव्या मुलाला हा धक्का घरच्या आठवणीइतकाच लागतो, पण तो कुणी मोजत नाही. त्याने जवळची दोन-तीन माणसं आपल्याच भोजनगृहातल्या कामगारांत जोडावीत. तीही दोन वर्षं तिथेच असतात.

फोनचं आत्ताच ठरवून घ्या. तळावर फोटो, लोकेशन, हालचालींची माहिती यांवर बंधनं असतात. म्हणून तो ‘काही सांगत नाही’ असं वाटेल. ते लपवणं नव्हे. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. त्याची पाळी रात्री नऊला सुटली तर तुमच्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. रोज जागत बसण्यापेक्षा आठवड्यातून दोन वेळा, ठरलेल्या दिवशी बोला. आणि प्रत्येक फोनची सुरुवात पैशांनी करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

भीतीचाही विचार करायला हवा. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा कुवेतनेही आपलं हवाई क्षेत्र काही काळ बंद केलं. भोंगा वाजला की बंकरमध्ये जायचं, हे शिकवलं जातं. त्रास नंतर होतो: झोप न लागणं, दाराच्या आवाजाने दचकणं, चिडचिड. अमेरिकेचा १९४१ चा डिफेन्स बेस अॅक्ट, म्हणजे कामावरच्या इजेसाठी विम्यातून भरपाई देणारा कायदा, अशा तळांवरच्या परदेशी कामगारांनाही लागू आहे आणि त्यात मानसिक इजाही धरली जाते. इजेची लेखी सूचना ३० दिवसांत द्यायची, दावा साधारण वर्षाच्या आत करायचा. ‘पुरुषासारखा पुरुष’ म्हणून मुलं गप्प राहतात आणि मुदत निघून जाते. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि कराराची प्रत घरीही ठेवा. इकडे तुमचाच जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आता आजींबद्दल. ‘काळजी करेल’ म्हणून घरची माणसं आजारपण, कधी मृत्यूही लपवतात. मुलाला पुढे कळतं आणि मग तो कुठल्याच फोनवर विश्वास ठेवत नाही, ‘सगळं ठीक’ ऐकलं तरी धसका घेतो. करारात तातडीच्या रजेचं कलम आहे का, पगारी की बिनपगारी, तिकीट कोणाचं, हे बघा. आजींचं बरंवाईट झालं तर त्याच दिवशी सांगायचं का आणि त्याने निघायचं का, हे सही करण्याआधी ठरवा. ठरवताना आजींनाही बसवा. त्यांना काय हवंय, हे त्यांनाच विचारा.